५० मैलांसाठी खुरांची तयारी: नोंदवही, आठवडे ६ ते ०

घोडा अरबी, बिननालीचा. आधी एईआरसीची (अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स, स्थापना १९७२) लांब पल्ल्याची घोडेस्वारीची शर्यत: ५० मैल, १२ तासांच्या आत. त्यानंतर महिन्याभराने एनएटीआरसीची (नॉर्थ अमेरिकन ट्रेल राइड कॉन्फरन्स, १९६१) दोन दिवसांची ट्रेल राइड. घोडा तोच, खूर तेच. नालेऐवजी खुरावर चढवायचा बूट मात्र दोन्हीकडे एकच चालेल असं धरून चालू नका.

एईआरसीला नालबंदीची सक्ती नाही. लोखंडी नाल, अ‍ॅल्युमिनियमची नाल, पॅड, पट्ट्याचा बूट, चिकटवलेला बूट किंवा नुसतं खूर, काहीही चालतं. वाटेत बूट निघाला तर उतरा, बसवा, हवं तर लगाम धरून घोड्याबरोबर धावत सुटा. घड्याळ मात्र थांबत नाही. खरी परीक्षा व्हेट चेकला, म्हणजे वाटेतल्या पशुवैद्यकाच्या तपासणीत: नाडी ठरलेल्या ठोक्यांपर्यंत उतरलेली हवी आणि घोडा हाताने धरून दुडकीने पळवून दाखवायचा. ढिला बूट दुडकीत फटफट आपटतो, चाल विषम दिसते आणि व्हेट पायावर संशय घेतो. लंगडेपणा बुटाचा की पायाचा, हे त्या अर्ध्या मिनिटात पटवून देणं अवघड.

एनएटीआरसीत पहिला येण्याला किंमत नाही. किमान आणि कमाल वेळेच्या मधे पोचायचं. व्हेट परीक्षक घोड्याला गुण देतो, दुसरा परीक्षक स्वाराला. उतरून पायी पुढे सरकायला मनाई आहे. म्हणजे बूट निघाला की जिथे आहात तिथेच उभं राहून बसवायचा. पुढच्या सावलीपर्यंत चालत नेऊ म्हणाल तर नियम मोडला. पायाला बँडेज, गुंडाळपट्ट्या चालत नाहीत. खुरावर नेमका केसांच्या रेषेपाशी येणारा गेटर, म्हणजे बूट धरून ठेवणारा निओप्रीनचा पट्टा, या सीमेवरच बसतो. म्हणून बूट विकत घेण्याआधी त्या वर्षाची नियमपुस्तिका उघडा. गेटर चालला तरी त्याखाली वाळू अडकून केस घासले गेले की संध्याकाळच्या तपासणीत ते दिसतं आणि गुण जातात. एईआरसीत एवढ्याशा खरचटण्याने शर्यत सहसा जात नाही.

आठवडा ६. खुरं कापून, कानशीने घासून झाल्यावर त्याच दिवशी मापं. रुंदी सर्वांत रुंद जागी, लांबी टोकापासून टाचेच्या भिंतीच्या शेवटापर्यंत. मागचे मऊ गोळे धरायचे नाहीत. पुढची दोन्ही १२१ बाय १२४ मिमी, मागची ११४ बाय १२२. मागचं खूर निमुळतं असतं, त्यामुळे पुढच्या मापावरून मागचा बूट मागवला की तो हमखास फिरतो. चारही खुरं वेगळी मोजा आणि मिलिमीटरमध्येच लिहा.

आठवडे ५ ते ३. पट्ट्याचे बूट घालून आधी ८ मैल, मग १५, मग चढउताराचे २५. बूट रबरी हातोडीचे दोन-तीन ठोके दिल्यावर बसला पाहिजे. हाताने सहज चढला तर मोठा. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिमी वाढतं, आणि इथेच घोडं पेंड खातं: पाचव्या आठवड्यात चपखल बसलेला बूट तिसऱ्या आठवड्यात अर्धवट वर राहतो, मग तो ‘खराब’ ठरवला जातो. दोष बुटाचा नाही, कानशीचा. दर दोन आठवड्यांनी टोकाची कड गोल करा. बूट फिरत असेल तर आधी टोक लांबलंय का ते बघा. मागून निसटत असेल तर टाच पुढे सरकलीय का ते बघा. जरासा सैल असेल तर खुराच्या भिंतीवर खेळाडूंची कापडी चिकटपट्टी दोन वेढे. चार वेढे लागत असतील तर माप चुकलंय.

आठवडा ०, राइडच्या दोन दिवस आधी. ५० मैलांना पट्ट्याचे बूट पुरतात. तरी चिकटवायच्या बुटांचा सराव इथेच केला, कारण टेव्हिस कपसारख्या २४ तासांत १०० मैलांच्या वाटेवर, ग्रॅनाइट, नदी आणि अंधारात, बूट पुन्हा घालत बसायला कुणाला वेळ नसतो. २०१२ ची टेव्हिस चिकटवलेल्या बुटांवरच्या घोड्याने जिंकली, तेव्हापासून या बुटांवरचे प्रश्न बरेच कमी झाले.

फसतं ते कोरडेपणात. भिंत ६० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा, बुटाची आतली बाजूही. मग हीट गनने भिंत हलकी गरम करा, ओल निघून जाते. त्यानंतर हातमोज्याशिवाय बोट लावायचं नाही. बोटाचं तेल पुरेसं आहे बूट सोडवायला. भिंतीला पटकन घट्ट होणारा दोन भागांचा गोंद. नळीतून पहिला इंचभर फेकून द्या, तो नीट मिसळलेला नसतो. तळव्याला आणि मधल्या त्रिकोणी फ्रॉगला मात्र हळू सुकणारा, रबरासारखा मऊ पॉलियुरेथेन सीलंट. भिंतीचा गोंद तळव्याखाली ओघळला तर दगडासारखा होतो आणि दुसऱ्या दिवशी घोडा लंगडतो. सकाळच्या थंडीत गोंद पंपातून सरकत नाही, म्हणून गोंद भरलेलं काडतूस रात्री घरात ठेवा. दुपारच्या उन्हात उलट, बूट चढायच्या आतच आवळतो. तेव्हा काडतूस बर्फाच्या पेटीत. चढवल्यावर पाय खाली टेकवून घोडा मिनिट-दोन मिनिटं स्थिर उभा ठेवा. कुणीतरी समोर गवत धरून उभं राहिलं तर बरं. शेवटी वरच्या कडेला गोंदाची बारीक रेघ, पाणी आणि वाळू आत जाऊ नये म्हणून.

खोगिराला बांधायचा सुटा बूट: पुढचा एक, मागचा एक. चिकटवलेला बूट सुटला तर खुरावर गोंदाचा थर राहतो, तेव्हा सुटा बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा हवा. बरोबर खूर उकरायचा हूक आणि चिकटपट्टीची गुंडाळी.

काढणं: चपटा स्क्रूड्रायव्हर वरच्या कडेत घालून हातोडीने भिंतीला समांतर सरकवत जा, टाचेकडून टोकाकडे. स्क्रूड्रायव्हर आत वळवला तर भिंतीचा पापुद्रा निघतो. दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत. आत ओल कोंडते आणि फ्रॉगला कुजका वास येतो. काढल्यावर मापं पुन्हा घेतली: पुढची लांबी १२६. एनएटीआरसीच्या आधी एकदा कानस फिरवावी लागेल, आणि गेटरशिवाय टिकणारा बूट १५ मैलांवर तपासायचाय.