तक्रारींच्या रकान्यातले शून्य

गेली काही वर्षे मी आमच्या शहराच्या पोलिस खात्याचा एक अहवाल छापून घेते आणि पेन्सिल हातात धरून वाचते. त्याचे नाव ‘लष्करी साहित्याचा वार्षिक अहवाल’. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या दक्षिणेला वसलेले आमचे शहर तसे निवांत आहे. संध्याकाळी लोक कुत्री फिरवतात आणि रविवारी मराठी शाळेबाहेर गाड्यांची रांग लागते. तरीही या शहराच्या पोलिसांकडे ड्रोन किती, रबरी किंवा फोमच्या गोळ्या डागणारे ४० मिलिमीटरचे लाँचर किती, अश्रुधुराची नळकांडी किती, त्यांवर वर्षभरात खर्च किती झाला आणि पुढल्या वर्षी आणखी काय घ्यायचे आहे, हे सारे त्या अहवालात लिहिलेले असते. पहिल्या वर्षी मी वाचला तेव्हा ‘तक्रारी’ या रकान्यात शून्य होते, आणि त्या शून्यापाशी माझी पेन्सिल थांबली.

हा अहवाल पोलिस स्वखुशीने काढत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये ‘असेंब्ली बिल ४८१’ हा कायदा संमत केला आणि तो १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. पोलिसांना लष्करी स्वरूपाचे कोणतेही साहित्य विकत घ्यायचे, त्यासाठी निधी मागायचा किंवा ते नुसते वापरायचे असेल, तरी आधी निवडून आलेल्या नगर परिषदेची परवानगी घ्यावी लागते, आणि तीही जाहीर सभेत, उपविधी म्हणजे शहरापुरता कायदा करून. वापराचे धोरण सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी संकेतस्थळावर टाकावे लागते. जे साहित्य पूर्वीपासून ताब्यात होते त्याच्या मंजुरीचे काम १ मे २०२२ पर्यंत सुरू करायचे होते आणि १८० दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर वापर थांबवायचा होता. वार्षिक अहवाल निघाल्यावर ३० दिवसांच्या आत पोलिसांनी नागरिकांची सभा घ्यायची, आणि तिथे कोणीही उठून प्रश्न विचारू शकतो.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला यातले नावीन्य लगेच जाणवते. आपल्याकडे नगरसेवकाला गटारीबद्दल, पाण्याच्या वेळेबद्दल, रस्त्यावरच्या दिव्याबद्दल जाब विचारता येतो. पण पोलिस राज्याच्या गृहखात्याचे असल्यामुळे त्यांच्या शस्त्रागाराचा विषय महापालिकेच्या सभागृहात येतच नाही. इथे शहराचे पोलिस शहराचेच असतात, त्यांचे अंदाजपत्रक नगर परिषद मंजूर करते. असे असूनही कित्येक वर्षे ही यंत्रे परिषदेला फारशी कल्पना न देता शहरांत येत होती, कारण ती बहुधा फुकट मिळत.

अमेरिकन संरक्षण खात्याचे वापरून झालेले किंवा जादा साहित्य पोलिसांना देण्याची तरतूद १९९० च्या सुमारास सुरू झाली आणि १९९७ च्या संरक्षण कायद्याच्या कलम १०३३ वरून तिला ‘१०३३ कार्यक्रम’ हे नाव पडले. आतापर्यंत त्यातून ७ अब्ज डॉलरहून अधिक मूळ किमतीचे साहित्य वाटले गेले आहे. त्यात घोंगड्या, टेबलखुर्च्याही आहेत आणि सुरुंगांच्या स्फोटाला तोंड देणाऱ्या चिलखती गाड्याही आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये मिसूरीतल्या फर्ग्युसनमध्ये मायकेल ब्राउन हा तरुण पोलिसाच्या गोळीने मारला गेला आणि नंतरच्या निदर्शनांत चिलखती गाडीच्या टपावरून जमावावर रायफल रोखलेला पोलिस साऱ्या देशाने पाहिला, तेव्हा हा विषय घराघरात पोहोचला. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस या विद्यापीठाच्या गावात, पोलिसांना मिळालेली सुमारे ६ लाख ८९ हजार डॉलरची अशी गाडी परत करा, असे नगर परिषदेने बजावले. तेव्हा हा कायदा नव्हता. सभागृहात गर्दी करून बोललेली माणसे होती.

वाटप किती सैल हाताने होत होते याचा मासला २०१७ मध्ये मिळाला. आपल्या ‘कॅग’सारखी इथली लेखापरीक्षण संस्था आहे, तिने कागदावर एक खोटेच केंद्रीय पोलिस खाते उभे केले आणि अर्ज केला. त्या अस्तित्वातच नसलेल्या खात्याला रात्री दिसणारे चष्मे, सरावाच्या रायफली अशा शंभरहून अधिक वस्तू मिळाल्या, ज्यांची मूळ किंमत सुमारे १२ लाख डॉलर होती. वर केंद्रात धोरण तर अध्यक्षाबरोबर बदलते: ओबामांनी २०१५ मध्ये घातलेले निर्बंध ट्रम्प यांनी २०१७ मध्ये उठवले. म्हणून शहराच्या पातळीवरचा अंकुश मला अधिक भरवशाचा वाटतो.

तो चालतो कसा, हे सॅन फ्रान्सिस्कोत २०२२ च्या हिवाळ्यात दिसले. नव्या कायद्यामुळेच पोलिसांना आपल्या यंत्रमानवांचे धोरण पर्यवेक्षक मंडळापुढे, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या नगर परिषदेपुढे, ठेवावे लागले. यंत्रमानवाचा वापर कोणाही व्यक्तीवर बळ वापरण्यासाठी करू नये, असे एक वाक्य पर्यवेक्षक ॲरन पेस्किन यांनी मसुद्यात घातले होते. पोलिसांनी ते खोडले आणि अटळ प्रसंगी स्फोटके लावलेला यंत्रमानव माणसाचा जीव घेण्यासाठी वापरता येईल, असा मजकूर आला. २९ नोव्हेंबरला मंडळाने तो ८ विरुद्ध ३ मतांनी मान्य केला. शहर खवळले, आणि ६ डिसेंबरला त्याच मंडळाने तितक्याच मतांनी तो अधिकार काढून घेतला. कायद्याने मसुदा लोकांसमोर आणला नसता, तर त्या खोडलेल्या वाक्याचा कोणाला पत्ताही लागला नसता.

कायद्यात फटी आहेत. पन्नास कॅलिबरच्या आतली, म्हणजे नळीचा व्यास अर्ध्या इंचाहून कमी असलेली, जी शस्त्रे पोलिसांना ‘नेहमीचे सेवाशस्त्र’ म्हणून दिली जातात, ती यादीतून वगळली आहेत. त्यामुळे गस्तीच्या गाडीत ठेवायची अर्धस्वयंचलित रायफल नेहमीच्या वापरातली आहे असे खात्याने ठरवले, की तिच्यावर परिषदेपुढे चर्चा होण्याचे कारण उरत नाही. शिवाय साहित्य आवश्यक आहे आणि त्याला दुसरा वाजवी पर्याय नाही, असा निष्कर्ष परिषदेने काढायचा असतो, पण पुष्कळदा तो पोलिसांनीच लिहून दिलेल्या वाक्यांत मंजूर होतो.

पोलिसांना चांगले साहित्य मिळूच नये, असे माझे म्हणणे नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मी गिरगावातच होते. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, चौपाटीपाशी, सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. त्यांच्या अंगावर चिलखत असते तर, हा विचार आजही माझा पिच्छा सोडत नाही. काय हवे आणि ते कशासाठी, हे उघड्यावर मांडून ठरावे, एवढाच माझा आग्रह आहे. आणि ओंबळ्यांसारख्या माणसासाठी चिलखत मागणाऱ्यालाही ते उघड्यावर मागायला अडचण नसावी.

त्या पहिल्या वर्षीच्या सभेला आम्ही मोजून नऊ नागरिक होतो. लाँचर वर्षात दोनदा वापरला गेला होता. माझी पाळी आली तेव्हा मी विचारले, की ज्या दोघांवर तो वापरला गेला त्यांनी तक्रार करायची ठरवली असती तर कुठे केली असती? तक्रारीची पद्धत धोरणात लिहिलेली असणे कायद्यानेच बंधनकारक आहे. टेबलापलीकडच्या अधिकारी बाईंनी कागद चाळले. पद्धत होती, पण एकतिसाव्या पानावर, एका ओळीत, फक्त इंग्रजीत. त्यांनी ती नोंदवून घेतली आणि ‘पाहते’ म्हणाल्या.

पुढच्या अहवालात ती ओळ पहिल्याच पानावर आली, सोबत स्पॅनिश आणि व्हिएतनामी भाषांतही. तक्रारींच्या रकान्यात त्या वर्षी तीन हा आकडा होता. तिन्हींचे पुढे काय झाले, हे मात्र लिहिलेले नव्हते. यंदाच्या सभेसाठी तो प्रश्न मी समासात टिपून ठेवला आहे.