गाडी लागणाऱ्या बाईचा व्हीआर हॉरर: माझा अनुभव

मला गाडी लागते. ताम्हिणी घाटातून कोकणात उतरायचं म्हटलं की पर्समध्ये आवळासुपारी आधी जाते, मोबाइलचा चार्जर नंतर. त्यामुळे दादाने अमेरिकेहून येताना क्वेस्ट २ हा व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधला की चहूबाजूंनी खोटं जग दाखवणारा प्रकार, आणला आणि त्यात ‘द वॉकिंग डेड: सेंट्स अँड सिनर्स’ हा झॉम्बींचा भयगेम टाकूनच दिला, तेव्हा मला धास्ती होती ती दुपारच्या जेवणाची. वॉकर (या गेममधले झॉम्बी, म्हणजे चालती प्रेतं), रक्त, अंधार वगैरे नंतर बघू, आधी पोटातलं पोटात राहू दे.

भानगड अशी की बसमध्ये शरीर हलतं आणि डोळ्यांना समोरच्या सीटची पाठ स्थिर दिसते. व्हीआरमध्ये नेमकं उलट होतं. डोळे म्हणतात आपण चाललोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो बाई हॉलमध्ये उभी आहे. दोघांचं पटत नाही आणि भोगतं पोट.

सुरुवात भिंगांपासून केली. क्वेस्ट २ मध्ये दोन भिंगांतलं अंतर बदलायला तीनच खाचा आहेत: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. माझ्या चष्म्याच्या नंबराच्या कागदावर दोन बाहुल्यांमधलं अंतर लिहिलेलं होतं, त्यावरून मधली खाच ठरली. हे बसलं नाही तर चित्र पुसट दिसतं, डोळे ओढल्यासारखे होतात आणि कपाळ ठणकायला लागतं. ‘व्हीआर आपल्याला सोसत नाही’ म्हणून हेडसेट कपाटात टाकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ही खाच हलवूनही पाहिली नसेल, अशी मला दाट शंका आहे. चष्मेवाल्यांसाठी खोक्यात प्लास्टिकची एक जाड चौकट येते, तीही बसवली, नाहीतर चष्म्याची काच भिंगावर घासते. आणखी एक: हेडसेट गॅलरीजवळच्या टेबलावर ठेवायचा नाही. भिंगांतून ऊन आत गेलं की पडद्यावर जळका डाग पडतो, तो जात नाही.

मग जागा. खोलीत फिरून खेळायला साधारण दोन मीटर बाय दोन मीटर मोकळं हवं. टीपॉय बाहेर गेला, सोफा भिंतीला लागला. अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघून तयारी केली, पण त्यांच्यापैकी कोणी छताच्या पंख्याबद्दल अवाक्षर काढत नाही. हेडसेटमध्ये आखलेली सीमारेषा आपल्याला बाजूंना अडवते, डोक्यावर काही नसते. आणि या गेममध्ये पाठीवरचं हत्यार काढायला हात खांद्यावरून मागे न्यावा लागतो, कुऱ्हाड तर वरून खालीच येते. कंट्रोलर हातात धरून हात पूर्ण उंचावून पाहिला आणि रेघ पंख्यापासून चांगली लांब आखली. पंखा तरीही बंदच ठेवते. मग उकाडा आणि वाफाळलेली भिंगं. त्यावर उपाय म्हणून कोपऱ्यातला टेबल फॅन लावला, आणि त्याचा भलताच फायदा झाला: वारा कायम एकाच बाजूने येतो, त्यामुळे कितीही गोल फिरलं तरी खरी खोली कुठे आहे हे अंगाला कळत राहतं. मळमळ त्यानेही कमी होते.

सेटिंगमध्ये मी कसलाही संकोच ठेवला नाही. वळणं स्नॅप टर्नवर, म्हणजे कंट्रोलरवरची छोटी काठी ढकलली की नजर सलग न फिरता एकदम ठरावीक अंशांनी उडी मारते. चालताना कडा काळ्या करणारा पर्याय पूर्ण वाढवला. त्याने दृश्य अरुंद होतं, पण डोळ्यांच्या कडेला पळणारं जग दिसेनासं होतं, आणि पोट ढवळतं ते मुख्यतः त्यानेच. बसून खेळायचीही सोय आहे. पहिले काही दिवस खुर्चीवर बसूनच खेळले. दादा फोनवर हसला. “अगं, झॉम्बी आलेत आणि तू खुर्चीत?” म्हटलं, तुझ्या पोटाचं तू बघ.

उलटीच्या कितीतरी आधी शरीर खुणा करतं. माझ्या बाबतीत वरच्या ओठावर घाम येतो आणि विनाकारण जांभया सुटतात. जांभई आली की हेडसेट खाली, मग दारापलीकडे काहीही असो. ‘थोडं सोसलं की सवय होते’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. सोसत बसलं तर उरलेली संध्याकाळ जाते, वर मेंदू हेडसेटचा वास आणि मळमळ यांची गाठ मारून ठेवतो. थोडंथोडं, पोट शांत असताना थांबत गेलं की खरी सवय होते. मला झाली.

आता गेम. हा जानेवारी २०२० मध्ये पीसीसाठी आला आणि त्याच वर्षी क्वेस्टवर. जागा न्यू ऑर्लीन्स, पुरात बुडालेलं. २००५ च्या कतरिना वादळात बांध फुटून त्या शहराचा बहुतेक भाग खरोखर पाण्याखाली गेला होता, त्यामुळे पाण्यात उभी घरं आणि सडलेले जिने बघताना ते नुसतं कल्पनेतलं वाटत नाही. आपला तळ म्हणजे कबरस्तानात उभी केलेली एक जुनी बस. तिथली थडगी जमिनीच्या वर बांधलेली, छोट्या घरांसारखी, गल्ल्या करून उभी असतात. नवशिक्याने पहिला मुक्काम इथेच ठोकावा असं मला वाटतं. इथे चालायला, वळायला, खाली वाकायला शिकता येतं आणि अंगावर कोणी येत नाही.

कारण पोटानंतर हातांची पाळी असते. या गेममध्ये सामानाची यादी असलेला पडदा उघडून निवांत निवडणं नाही. सगळं अंगावर असतं. विजेरी छातीशी, छोटी हत्यारं कमरेला दोन्हीकडे, मोठं हत्यार उजव्या खांद्यामागे, डाव्या खांद्यामागे पिशवी. वस्तू उचलून डाव्या खांद्यावरून मागे सोडली की पिशवीत पडते. अंधारात स्वयंपाकघरात हात बरोबर काडेपेटीवर जातो, तसा हात विजेरीवर जायला हवा, आणि तो वाचून जात नाही. मी बसपाशी उभी राहून डोळे मिटून विजेरी काढणं, ठेवणं, सुरी काढणं, ठेवणं हेच करत राहिले. आई सोफ्यावरून बघत होती. तिला वाटलं मी व्यायाम करतेय.

पहिला वॉकर मारणं हा सगळा हातांचाच मामला निघाला. डाव्या हाताने त्याचं डोकं धरून त्याला लांब रोखायचं, उजव्या हाताने सुरी डोक्यात खुपसायची. हळू ढकलली तर काहीच होत नाही, जोर लावावा लागतो. आणि आत गेली की ती अडकते! ओढून काढावी लागते, तीही झटक्याने. तोवर त्याचं वजन तुमच्या हातावर, मागे दुसरा घशातून घरघर करत येतोय, आणि रोखून धरण्यात दम संपत चाललाय. दम संपला की वार लागत नाहीत. हत्यारंही झिजतात आणि ऐन वेळी मोडतात. बंदूक असते, पण तिचा आवाज आसपासच्या सगळ्यांना आमंत्रण देतो, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या आपल्या बोटांनी भरायच्या. थरथरत्या हाताने गोळी भोकात जात नाही, हे मला या गेमने शिकवलं. कीबोर्डवर आर दाबून गोळ्या भरणाऱ्यांना ते कधी कळायचं नाही.

म्हणूनच मी म्हणते की इथली भीती भुतांची कमी आणि सामानाची जास्त आहे. विजेरी मंद झाली की हलवून परत चार्ज करावी लागते, म्हणजे नेमक्या काळोख्या खोलीत हात त्या कामात गुंततो. मनगटावर घड्याळ आहे. ठरलेली वेळ संपली की शहरभर घंटा वाजतात आणि रस्ते वॉकरांनी भरून जातात. घड्याळ बघायला खरोखर मनगट वर करून वळवावं लागतं. कपाटात अजून एक डबा दिसतोय, जखमेवर बांधायची पट्टी सापडण्याचा संभव आहे, आणि वेळ जातोय. शिवाय जसजसे दिवस जातात तसतसे वॉकर वाढतात आणि हाती लागणारं सामान आटत जातं, त्यामुळे ‘आज नको, उद्या येऊ’ हेही महागात पडतं. मोडक्या वस्तू तळावर आणून सुटे भाग करायचे आणि त्यातून नवं बनवायचं. मी तर आधी पट्ट्या आणि सुऱ्यांमागे लागले. बंदुका नंतर.

आवाजाबद्दल एक सांगते. सगळे म्हणतात हेडफोन लावा. मी सुरुवातीला मुद्दाम लावले नाहीत. हेडसेटच्या पट्ट्यातले छोटे स्पीकर पुरेसे आहेत, आणि त्यातून घरातला कुकरही ऐकू येतो. हेडफोन लावल्यावर मागून येणारी पावलं नक्की कोणत्या बाजूची ते कळतं, खेळ सोपा होतो, पण भीती दुप्पट होते. पोट आणि हात तयार झाल्यावर लावले.

टीव्हीवर माझं दृश्य दाखवायची सोय केल्यापासून आई हा कार्यक्रम नियमित बघते. मालिका लागायच्या आधीची वेळ तिला सोयीची पडते. “अगं डावीकडे बघ, डावीकडे! तो मेला येतोय बघ!” असं ती ओरडते, आणि टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येत असल्याने तोवर मेला माझ्या मानेशी पोचलेला असतो. शेजारच्या शाळकरी मुलाला हेडसेट हवा होता, त्याला दुसरा एक तालावर ठोकळे कापायचा गेम लावून दिला. हा गेम अमेरिकेत १७ वर्षांपुढच्यांसाठी आहे, आणि तो आकडा मला अगदी योग्य वाटतो.

सध्या माझं घोडं माणसांपाशी अडलं आहे. टॉवर आणि रिक्लेम्ड अशा दोन टोळ्या आहेत, आणि त्यांची माणसं वॉकरांसारखी हात पसरून येत नाहीत, आडोशाने गोळ्या घालतात. सुरीचं सगळं कसब तिथे फुकट. म्हणून पुन्हा कबरस्तानात, रिव्हॉल्व्हर भरण्याचा सराव. दादाचं टुमणं चालूच आहे की आता सलग वळणं लाव, कडा मोकळ्या कर. कडा थोड्या मोकळ्या केल्या आहेत. वळणं अजून स्नॅपवर आहेत आणि तिथेच राहतील.