न उगवलेलं आणि मेलेलं

उगवण चाचणीचा कागद सहीसाठी समोर आला तेव्हा निर्णय आधीच लिहून झाला होता: ‘उगवणशक्ती घटली, पुनर्लागवड करावी.’ देशी भाताचं वाण, शंभरात चाळीस दाणेही उगवलेले नाहीत. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) २०१४ च्या जनुककोश मानकांप्रमाणे, म्हणजे बियाणं जतन करणाऱ्या आमच्यासारख्या पेढ्यांच्या नियमांप्रमाणे, उगवण सुरुवातीच्या ८५ टक्क्यांखाली घसरली की ते बी शेतात लावून नवं बी धरायचं. कागद नियमाला धरूनच होता. खटकला तो साठवणुकीचा काळ. नीट वाळवून उणे १८ अंशांत हवाबंद ठेवलेलं भाताचं बी दोन-तीन वर्षांत एवढं मरत नाही.

चाचणीचे पेपर टॉवेल अजून टाकले नव्हते. ते उलगडून न उगवलेला एकेक दाणा चिमट्याने दाबून पाहिला. मेलेलं बी १४ दिवसांच्या ओलीत मऊ पडतं, बुरशी धरतं, दाबलं की आतून पांढुरकं पाणी येतं. हे दाणे टणक होते आणि तूसही स्वच्छ.

म्हणून त्याच पाकिटातले थोडे दाणे टेट्राझोलियमला, म्हणजे बी जिवंत आहे का ते रंगावरून दाखवणाऱ्या रसायनाच्या चाचणीला, लावले. रात्रभर भिजवायचे, गर्भाच्या मधोमध उभे चिरायचे, १ टक्का द्रावणात ३० अंशांना, अंधारात, दोन तास. जिवंत पेशींच्या श्वसनाने त्या रंगहीन रसायनाचा पेशींतच लाल रंग होतो, मेलेला गर्भ पांढराच राहतो. द्रावणाचा सामू (पीएच) ६.५ ते ७.५ च्या बाहेर गेला तर जिवंत गर्भही फिका दिसतो, त्यामुळे सामू स्थिर ठेवणारा बफर न घालता केलेल्या चाचणीवर माझा काडीचा विश्वास नाही. इथे जवळजवळ सगळे गर्भ लाल आले. पण ही चाचणी बी जिवंत आहे एवढंच सांगते, ते का उगवत नाही हे नाही.

ते कळण्यासाठी दुसरा नमुना ५० अंशांवर पाच दिवस ठेवला. बी सुप्तावस्थेत, म्हणजे जिवंत असूनही उगवण रोखून झोपलेलं असेल, तर कोरड्या उष्णतेने ते जागं होतं. ओव्हन आत वारा खेळता राहील असा पाहिजे आणि बी जाळीच्या पिशवीत. झाकणाच्या डबीत ठेवलं की बियांतली ओल तिथेच कोंडते, आणि ओल व उष्णता एकत्र आली की सुप्तावस्था मोडण्याऐवजी बीच मरतं. नंतरच्या चाचणीत उगवण नव्वदीच्या वर गेली.

बी झोपलेलं होतं, आणि ते झोपलेलं ठेवलं होतं आमच्याच शीतगृहाने. कोरडं भात साध्या तापमानाला राहिलं की काही आठवड्यांत-महिन्यांत सुप्तावस्था आपोआप उतरते. काढणी होताच वाळवून थेट गोठवलं की ही क्रिया थांबते. ‘काढणीपासून शीतगृहापर्यंत किती लवकर’ हा आकडा अहवालात अभिमानाने मिरवला जातो. त्याची ही दुसरी बाजू कुणी लिहीत नाही.

सही केली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही. बी तसंच पेरलं असतं तर आधी उगवणारे, म्हणजे कमी सुप्तावस्थेचे दाणे तेवढे वर आले असते आणि पुढची पिढी त्यांचीच झाली असती. देशी वाण एकजिनसी नसतं, त्यात अशी निवड सहज होते. आणि सुप्तावस्था हा दोष नव्हे. काढणीच्या तोंडावर पाऊस येऊन पीक आडवं झालं तरी लोंबीतच कोंब फुटू नयेत, ते याच गुणामुळे. तो गुण आपण जतनाच्या नावाखाली काढून टाकला असता आणि पाकिटावर नाव तेच राहिलं असतं.

तपासनिसाला मी दोष देत नाही. बियाणे प्रमाणीकरणाच्या शिस्तीत तयार झालेली माणसं उगवणीचा आकडा बघतात, पास किंवा नापास. पण तिथल्या तक्त्यातही ‘ताजे न उगवलेले’ असा, म्हणजे न उगवलेल्या पण टणक राहिलेल्या दाण्यांचा, वेगळा रकाना असतो. आमच्या संगणकप्रणालीत उगवण टक्केवारीपुढे एकच चौकोन आहे. उरलेलं सगळं मेलेलं धरलं जातं. प्रणाली बनवणाऱ्याने चाचणीचा कागद कधी उलगडलेला नसावा. सध्या न उगवलेल्या टणक दाण्यांची संख्या शेऱ्यात हाताने लिहायला लावली आहे.

प्रश्न जुन्या नोंदींचा आहे. ‘उगवणशक्ती घटली’ म्हणून पुनर्लागवड झालेली भाताची वाणं यादीत बरीच आहेत. ज्यांचं मूळ पाकीट शिल्लक आहे, त्यांचं मूळ बी आधी ५० अंशांवर ठेवून आणि नवं बी शेजारी, एकाच हंगामात लावायचं ठरलंय. दोन्हींचं ताजं बी काढणीनंतर लगेच तपासलं तर सुप्तावस्थेतला फरक दिसेल. ज्यांचं मूळ पाकीट संपलंय, त्यांची तुलना करायला काहीच उरलेलं नाही.