मधला पिवळा थर

आज ऑपरेशन थिएटरमध्ये एका काकूंचं फॅट ग्राफ्टिंग झालं, म्हणजे त्यांचीच चरबी एका जागेवरून काढून दुसरीकडे टोचली. स्तनाचा कर्करोग, ऑपरेशन, मग रेडिएशन. छातीची कातडी इतकी ताठरलेली की हात वर केला तरी ओढ बसायची.

ती कातडी मऊ व्हावी म्हणून पोटावरची चरबी कॅन्युलाने, म्हणजे बारीक नळीने, काढून सेंट्रिफ्यूज या गरगर फिरणाऱ्या यंत्रात फिरवली. सिरिंजमध्ये वर तेल, तळाशी रक्ताळलेलं पाणी आणि मधे पिवळीधमक चरबी. ही मधली तेवढी घ्यायची आणि कातडीखाली थेंबाथेंबाने सोडायची. एकाच जागी ढीग केला तर आतल्या पेशींना रक्त पोचत नाही, त्या मरतात.

या चरबीत मूळ पेशी (स्टेम सेल, ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात) असतात, हे 2001 मध्ये अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठातल्या पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. 2007 मध्ये इटलीच्या गिनो रिगोटींनी रेडिएशनने करपलेल्या ऊतींवर 20 रुग्णांत हीच चरबी वापरली आणि तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या दिसल्या. तो पेपर मी कितीदा वाचलाय!

सकाळी काकूंनी विचारलं, "बाळा, जाहिरातीत असतं ते स्टेम सेल हेच का गं?" नाही काकू. आपण चरबी जशीच्या तशी देतोय. त्यातल्या पेशी वेगळ्या काढून टोचणं आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या नियमांप्रमाणे क्लिनिकल ट्रायलबाहेर, म्हणजे रुग्णांवरच्या रीतसर चाचणीबाहेर, चालत नाही. तरी लोकांकडून त्यासाठी पैसे उकळले जातात, याचा मला फार राग येतो.

यातली काही चरबी विरघळेल, कदाचित पुन्हा टोचावी लागेल. तेही त्यांना सांगितलंय.

संध्याकाळी राउंडला गेले तर म्हणाल्या, "वेणी माझी मला घालता येईल ना?"