रिकामा बारही वीस किलोचा असतो

नव्याने वजन उचलणाऱ्याचा पहिला हिशेब इथेच चुकतो. बारच्या, म्हणजे लोखंडी दांड्याच्या, दोन्ही बाजूंना १०-१० किलोच्या प्लेट लावल्या की वहीत २० किलो लिहिले जातात; उचललेले असतात ४०. जाड टोकांचा, २.२ मीटर लांबीचा ऑलिम्पिक बार स्वतःच २० किलोचा. स्त्रियांसाठीचा १५ किलोचा, जरा आखूड आणि मुठीला बारीक. छोट्या आणि वाकड्या बारचा मात्र काही नेम नाही. बार हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहायचे आणि स्वतःचे वजन वजा करायचे.

पहिल्या दिवशी स्क्वॉट (बार खांद्यांमागे घेऊन बसणे-उठणे) आणि बेंच प्रेस (बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलणे) रिकाम्या बारनेच. तोही जड गेला तर डंबेल घ्या. कोणी बघत नसते; जो-तो आरशात स्वतःलाच बघत असतो.

इतक्या हलक्यापासून सुरुवात का? पहिल्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते, पण स्नायू तेवढे वाढलेले नसतात. आहेत तेच स्नायू नीट कामाला लावायला मेंदू आणि नसा शिकत असतात. स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे त्याहून सावकाश घट्ट होतात. 'आज सहज गेलं' म्हणून एकदम १० किलो चढवले, तर काही आठवड्यांनी कोपर किंवा गुडघा कुरकुरायला लागतो.

आठवड्यातून तीन दिवस पुरेत, मध्ये एकेक दिवस सुट्टी. एका दिवशी स्क्वॉट, बेंच प्रेस आणि रोइंग (वजन पोटाकडे ओढणे). व्यायामाच्या पुढच्या दिवशी डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणे), ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलणे) आणि लॅट पुलडाउन (मशीनची वरची दांडी छातीकडे ओढणे). मग पुन्हा पहिला. प्रत्येकाचे ८ रेप्सचे ३ सेट, म्हणजे सलग ८ वेळा, असे तीनदा; दोन सेटमध्ये २ ते ३ मिनिटे विश्रांती. स्क्वॉट ४० किलोचा असेल तर आधी रिकाम्या बारने ८, मग ३० किलोने ५ आणि मग खरे सेट. 'आज छाती, उद्या दंड' ही वाटणी सध्या राहू द्या. नवख्याला एकच हालचाल पुन्हा पुन्हा करायला मिळाली पाहिजे.

स्क्वॉटमध्ये घोळ रॅकपासूनच, म्हणजे बार ठेवायच्या स्टँडपासूनच, सुरू होतो. बार छातीच्या मध्याच्या उंचीवर हवा. टाचा उचलून काढावा लागत असेल तर एक खाच खाली घ्या. तो मानेच्या हाडावर नाही, त्याखालच्या मांसल भागावर ठेवायचा. दोन-तीन पावले मागे, पाय खांद्यांएवढे रुंद, चवडे थोडे बाहेर. पोटात श्वास भरून, पोट घट्ट करून खाली जायचे आणि वर येताना श्वास सोडायचा. (रक्तदाब असेल तर श्वास रोखण्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.) खाली जाताना टाचा उचलल्या जातात, कारण घोटा पुरेसा वाकत नाही किंवा भार चवड्यावर गेलेला असतो. टाचांखाली १.२५ च्या प्लेट ठेवणे हा तात्पुरता उपाय. उशीसारख्या तळाचे पळायचे बूट हा दोष वाढवतात. सपाट, टणक तळाचे बूट बरे. गुडघे आत पडत असतील तर ते चवड्यांच्या दिशेने बाहेर ढकलायचे, आणि तरीही पडत असतील तर वजन कमी करायचे. रॅकचे आडवे, बार झेलणारे सेफ्टी पिन तुम्ही सर्वांत खाली बसता तेव्हाच्या बारच्या उंचीपेक्षा जरासे खाली लावा आणि रिकामा बार एकदा मुद्दाम त्यांच्यावर टेकवून बघा.

डेडलिफ्टची अडचण वेगळी. पूर्ण आकाराच्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर. नवख्याच्या बारला लहान प्लेट असतात, बार खाली जातो आणि तिथवर पोचताना कंबर गोल होते. दोष वाकण्याच्या पद्धतीला दिला जातो, असतो उंचीचा. दोन्ही बाजूंना ठोकळे किंवा आडव्या प्लेट रचून बार वर घ्या. तो पायाच्या मध्यावर, नडगीला जवळजवळ लागून हवा. जितका लांब, तितका कमरेवर ताण. हात ताठ ठेवा आणि झटका न देता आधी बारमधली ढील काढा, मग जमीन पायांनी ढकला.

बेंचवर अंगठा बारभोवती हवाच. अंगठा न गुंडाळता धरलेला बार निसटला तर थेट छातीवर किंवा गळ्यावर येतो. स्पॉटर, म्हणजे अडकल्यास बार धरायला उभा असलेला सोबती, नसेल तर सेफ्टी पिन लावा. पिनही नसतील तर प्लेट अडवून धरणाऱ्या क्लिप लावू नका, म्हणजे अडकल्यावर बार कलता करून प्लेट पाडता येतात. एरवी क्लिप हव्यातच. आणि प्लेट काढताना एका बाजूची एक, मग दुसऱ्या बाजूची एक. एक बाजू पूर्ण रिकामी केली की बार रॅकवरून उलटतो.

तिन्ही सेट ८-८ झाले आणि शेवटी आणखी दोन निघाले असते असे वाटले, तर पुढच्या वेळी २.५ किलो, म्हणजे प्रत्येक बाजूला १.२५. ओव्हरहेड प्रेसमध्ये एवढी वाढही लवकरच जड जाते. तिथे वजन तेच ठेवून आधी रेप्स १० पर्यंत न्या. तारीख, वजन, रेप्स वहीत लिहा. लक्षात राहते हा भ्रम आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखणे नेहमीचेच, हलके चालल्याने बरे वाटते. सांध्यात टोचल्यासारखे दुखले तर मात्र तो व्यायाम थांबवा. अंग प्रचंड सुजून दुखत असेल आणि लघवी गडद तपकिरी झाली असेल तर लगेच डॉक्टर गाठा. स्नायूंचा चुरा मूत्रपिंडावर आल्याचे ते लक्षण असू शकते.

एकाच वजनावर सलग तीनदा अडकलात तर १० टक्के उतरा, ५० वरून ४५ ला, आणि पुन्हा अडीच-अडीचने चढा. आजारपणात दोन आठवडे खाडा झाला तरी हेच, फक्त थोडे आणखी खाली.