नाव काढणं

दुपारची वेळ. अपडेट होऊन लॅपटॉप पुन्हा सुरू होतो आणि पडदा काळाच राहतो. वर डाव्या कोपऱ्यात 'ग्रब' एवढी पांढरी अक्षरं, पुढे कंसाचं एक टोक आणि लुकलुकणारी रेघ. घाबरायचं काही नसतं. विंडोज जागेवर असतं, फोटोही जागेवर असतात. सकाळी कुणीतरी डिस्क मॅनेजमेंट उघडून विंडोजशेजारी टाकलेल्या उबुंटूचं, म्हणजे लिनक्सचं, पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा वाटा) उडवलेलं असतं, तेवढंच.

वाडा पाडला, पण देवडीवरचा माणूस उठला नाही. तो उठणार कसा? ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना कोणती सिस्टिम उठवायची ते ठरवणारा, उबुंटूबरोबर आलेला प्रोग्राम, आणि तो मुळात त्या वाड्यात राहतच नाही. तो राहतो ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइलींच्या वेगळ्या जागेत, साधारण 100 एमबीच्या फॅट 32 खोलीत, विंडोजच्या बूट फाइलींना खेटून. 1995 साली एरिक बोलीन यांनी ग्नू हर्ड या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी तो लिहायला घेतला तेव्हा कल्पनाच ही होती की, कुणाचंही घर असो, दार एक. उबुंटूच्या ग्रबजवळ तीन ओळींची चिठ्ठी असते: अमुक यूयूआयडीचं (ओळख क्रमांकाचं) पार्टिशन शोध, त्यातलं ग्रबचं फोल्डर धर, तिथली यादी वाच. घर गेलं, चिठ्ठी राहिली. पत्ता सापडेना, म्हणून तो आता तुम्हालाच विचारत बसलाय.

अशा वेळी 'एक्झिट' टाइप करून एंटर मारावं. बहुतेक यूईएफआय मशीन, म्हणजे जुन्या बायोसऐवजी नव्या पद्धतीनं सुरू होणारं, मग आपल्या बूट यादीतल्या पुढच्या नावाकडे वळतं. नाही वळलं, तर सुरू होताना लेनोवो किंवा डेलवर एफ 12, एचपीवर एस्केप आणि मग एफ 9 दाबून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडावा. बूटरेक या विंडोजच्या दुरुस्ती-कमांडच्या नादी लागू नये. तो जुन्या बायोसच्या मशीनचा उपाय: तिथे ग्रबचं पहिलं पाऊल डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांपैकी 446 मध्ये असतं आणि बूटरेकचा 'फिक्सएमबीआर' तेवढंच पुसून नवं लिहितो, पार्टिशनच्या तक्त्याला हात लावत नाही. यूईएफआयवर तो 'काम यशस्वी' म्हणून सांगतो आणि काडीचाही फरक पडत नाही. आपल्याकडे ही पद्धत तशी ओळखीची आहे.

मुलानं बापाचं नाव काढलं की पेढे वाटतात. रेशनकार्डावरून नाव काढायचं म्हटलं की मात्र खेटे सुरू होतात, आणि तिथून निघालं तरी मतदार यादीत ते असतंच. ग्रबचं नावही असंच दोन ठिकाणी असतं.

पहिलं ठिकाण डिस्कवर. त्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर तो सस्पेंड करावा, नाहीतर पुढच्या वेळी 48 आकडी रिकव्हरी की शोधत फिरावं लागतं. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'माउंटव्हॉल एस: /एस'. पहिला एस आपण दिलेलं ड्राइव्हचं अक्षर, दुसरा सिस्टिम पार्टिशनचा, म्हणजे त्याच ईएफआय खोलीचा. एस ड्राइव्हवरच्या ईएफआय फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्ट, बूट आणि उबुंटू असे तीन शेजारी दिसतात. 'आरडी /एस उबुंटू', आणि विचारलं की वाय. बाकी दोघांना हात लावायचा नाही. हेच काम डिस्कपार्ट या विंडोजच्या दुसऱ्या कमांडनंही होतं, पण त्याचा स्वभाव वाईट. त्याचा 'क्लीन' खात्री करून घ्यायला थांबत नाही, निवडलेली डिस्क साफ करून मोकळा होतो.

दुसरं ठिकाण मदरबोर्डवरच्या चिपमध्ये. डिस्क काढून कपाटात ठेवली तरी तिथलं 'उबुंटू' आपोआप जाईलच असं नाही. 'बीसीडीएडिट /इनम फर्मवेअर' लिहिलं की नावं येतात. ज्याच्या वर्णनात उबुंटू असेल त्याचा महिरपी कंसातला लांबलचक आयडी उचलायचा आणि 'बीसीडीएडिट /डिलीट' पुढे चिकटवायचा. पॉवरशेलमध्ये तो अवतरणचिन्हांत टाकावा लागतो, नाहीतर कंसांचा भलताच अर्थ लागून एरर येते. म्हणून जुना काळा कमांड प्रॉम्प्टच बरा. आणि फोल्डर ठेवून नुसतं इथलं नाव काढलं, तर ते परतही येऊ शकतं. बूट फोल्डरमध्ये उबुंटूनं आपली एक फॉलबॅक, म्हणजे अडीनडीची, फाइल ठेवलेली असते. मशीन त्या वाटेनं सुरू झालं की ती शेजारचं फोल्डर बघते आणि नोंद पुन्हा करून टाकते.

खरं तर यातलं काहीच अडलेलं नसतं. विंडोज पहिल्या नंबरवर आणलं की काम भागतं, आणि ते फोल्डर आहे चार-पाच एमबीचं. पण रिकाम्या घरावरची पाटी काही जणांना बघवत नाही.

एवढं झाल्यावर बूट मेनू उघडावा. विंडोज बूट मॅनेजर, आणि बहुतेक मशीनवर त्याच्याखाली नेटवर्कवरून सुरू करायच्या दोन ओळी, आयपीव्ही 4 आणि आयपीव्ही 6. घरातल्या कुणी त्या कधी वापरलेल्या नसतात. त्या काढायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही.