मैदा रव्याच्या डब्यात

परवा दुपारी जेवण झाल्यावर तलावपाळीचा एक फोटो इन्स्टाग्रामवर टाकत होतो. भरून आलेलं आभाळ, मासुंदा तलाव, कडेला कणीसवाला. भाची शेजारीच लोळत होती.

"मामा, हॅशटॅग टाक की. नाहीतर बघणार कोण?"

"माझी माणसं बघतील."

"तुझी माणसं ९० आहेत."

मग तिनेच टाकले. #ठाणे, #तलावपाळी, #पाऊस इथवर ठीक. पुढे #प्रेम, #मूड आणि चक्क #मुंबई! १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती ठाण्याला यायला, हे मी तिला पुन्हा एकदा ऐकवलं. तिने डोळे फिरवले.

खरं तर ते चिन्ह माझ्यासाठी फुल्ली-गोळ्याचं. वहीचं मागचं पान, दोन उभ्या रेघा, दोन आडव्या. त्याचा असा उपयोग २००७ च्या ऑगस्टमध्ये क्रिस मेसिना नावाच्या माणसाने ट्विटरवर सुचवला. एका विषयाचं बोलणं एका जागी सापडावं, एवढाच हेतू. ट्विटरवाल्यांना तेव्हा ते फारसं पटलं नव्हतं. पण दोनच महिन्यांत सॅन डिएगोकडे वणवे पेटले आणि एकमेकांची तोंडही न पाहिलेले लोक एकाच टॅगखाली आगीच्या बातम्या देऊ-घेऊ लागले. म्हणजे चिठ्ठी लावायची ती परक्यासाठी.

इथे मला आमची काकू आठवली.

नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत फळीवर स्टीलचे डबे ओळीने असत. प्रत्येकावर औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर आईचं बॉलपेनमधलं अक्षर. एकदा आई माहेरी गेली म्हणून काकू राहायला आली. तिने आमच्यासाठी शंकरपाळे करायला घेतले. 'मैदा' लिहिलेला डबा काढला, पीठ भिजवलं, लाटायला गेली तर पोळीला भेगा. पुन्हा मळलं, मोहन वाढवलं, पुन्हा भेगा. काकू घामाघूम, आम्ही पोरं ओट्याला चिकटून उभी. आई परतल्यावर उलगडा झाला, ती तांदळाची पिठी होती.

"अहो जाऊबाई, मैदा रव्याच्या डब्यात असतो."

"मग रवा?"

"तो पिशवीत."

आईला यात काही वावगं वाटलं नाही. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. चिकटपट्ट्या तिने शेवटपर्यंत बदलल्या नाहीत.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही हल्ली हा नाद लागलाय. मागे त्यांनी फेसबुकवर लिहिलं, '#उद्या पाणी येणार नाही'. मध्ये जागा सोडली की टॅग तिथेच तुटतो, हे त्यांना कोण सांगणार? टॅग झाला तो नुसता 'उद्या'चा. सोसायटीच्या बहुतेक कामांना तो चालून जाईल, ही गोष्ट वेगळी.

भाची झोपल्यावर मी गुपचूप #मुंबई काढून टाकलं. #प्रेम राहू दिलं, कुणाला सापडलं तर सापडो.

संध्याकाळपर्यंत ११ अनोळखी लाइक आले आणि एक कमेंट. 'भाऊ, कणीस केवढ्याला?'

त्याचा टॅग तर आम्ही लावलाच नव्हता.